मामांची खोली आणि टीव्हीची काच

सबंध कोल्हापुरात खोलीचा आवाज ऐकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. गाणं ऐकणारे शहरात पुष्कळ होते. देवळात ऐकणारे होते, थिएटरात ऐकणारे होते, मिसळीचा कट संपवता संपवता हॉटेलातल्या रेडिओला मान डोलावणारेही होते. आमच्या हिचे मामा यांपैकी कुणातच बसत नसत. त्यांचं म्हणणं असं, की गाणारा गातो ते अर्धंच गाणं. उरलेलं अर्धं खोली गाते, आणि जगातल्या बहुतेक खोल्या बेसूर असतात. कुणाच्या घरी गेलं की माणसं पाण्याचा तांब्या येईपर्यंत भिंतीवरचे फोटो बघतात. मामा टाळी वाजवत. एकच, कोरडी, खणखणीत. मग मान तिरकी करून त्या टाळीचं पुढं काय होतं ते ऐकत. यजमान बिचारा आरती कधी सुरू झाली म्हणून इकडंतिकडं बघे, तोवर मामांचं निदान तयार असे. "माळ्यावर पत्र्याची ट्रंक ठेवलासा काय वो? वाजतीय बघा ती." आणि माळ्यावर खरोखरच ट्रंक असे.

माझी त्यांची गाठ पडली ती लग्नानंतर, नव्या जावयाला घरोघर जेवायला बोलावतात तेव्हा. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराचा जिना चढतानाच मटणाचा वास आडवा आला होता आणि माझं सगळं चित्त स्वयंपाकघराकडं लागलं होतं. पण मामांनी माझं मनगट धरलं, पुढच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि माझ्या कानाशी टाळी वाजवली. "काय ऐकलासा, जावईबापू?" मी म्हटलं, "टाळी." "आन तिच्या मागनं?" मी घाबरून म्हटलं, "मागनं काही नाही." मामांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता हे मला उचलून घेणार. "ह्येच! मागनं कायबी न्हाई, ह्येच तर ऐकायचं असतंय की!" माझ्या त्या एका वाक्यावर मामांनी मला जाणकारांत जमा करून टाकलं आणि ती चूक त्यांनी पुढं कधीच दुरुस्त केली नाही. आतून मामींचा आवाज आला, "अवो, पावण्यास्नी जेवू तरी घाला. मग बडवा टाळ्या!"

मामांचं कापडाचं दुकान होतं. साड्या-खणांचं नव्हे, मांजरपाट, गादीपाट, अस्तर, कोटाचं कापड असल्या मुक्या मालाचं. पण दुकानात नसेल एवढं कापड त्यांनी त्या पुढच्या खोलीला नेसवलं होतं. भिंतींवर जाड काळी धनगरी घोंगडी, पावसाळ्यात मेंढराचा वास सुटणारी. छताला मांजरपाट ताणलेलं. खाली गाद्या, गाद्यांवर सतरंजी, सतरंजीवर पुन्हा जाजम. खिडक्यांत लोड ठासलेले. नवख्या माणसाला वाटे या घरात कुणाला तरी हिवताप आलाय. समोर सागवानी लाकडाची स्पीकरची दोन मोठी खोकी, मामांनी सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेली, आणि तसूभरही हलू नयेत म्हणून तळात पंचगंगेची वाळू भरलेली. त्या दोन खोक्यांच्या बरोबर समोर मामांची एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती, कारण मामांच्या हिशेबानं त्या खोलीत ऐकायची जागा एकच होती आणि तिथं ते स्वतः बसलेले असत.

काच ही त्यांची जुनी वैरीण. काच आवाज घेत नाही, फेकून मारते, असं ते म्हणत. म्हणून भिंतीवरच्या घड्याळाची काच त्यांनी काढून टाकली होती. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का काट्याला लागे आणि घरातली वेळ बदले. वाडवडलांच्या तसबिरींच्या काचाही काढल्या, तेव्हा झुरळांनी आजोबांची अर्धी मिशी खाल्ली. देवांच्या तसबिरी मामींनी वेळीच स्वयंपाकघरात हलवल्या म्हणून देव वाचले. आणि मामींच्या हातात होत्या हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या काही काढता येत नाहीत. गाणं चालू असताना मामींनी आत यायचं नाही असं कुणी बोलून ठरवलं नव्हतं. एकदा बांगड्या किणकिणल्या, मामांनी नुसतं वळून बघितलं, आणि तेवढ्यावरून त्या शहाण्या बाईनं त्या खोलीचं नाव टाकलं. चहाचा कप दाराबाहेर ठेवायचा आणि दार नखानं खाजवायचं, अशी पद्धत पडली. मूलबाळ नव्हतं. दुकान बंद करून आल्यावर मामा या खोलीत आणि मामी त्या स्वयंपाकघरात. दोनच माणसांच्या संसारात मधे एवढी घोंगडी, याचं मला फार वाईट वाटे.

मामा ऐकत काय? कपाटभर रेकॉर्डी होत्या, पण दिवसाची अखेर एकाच रेकॉर्डनं होई. एका जुन्या गायिकेची, आता फारशी कुणाला आठवत नसलेली. पहिल्या बाजूला ख्याल. तो संपतो, बाई थांबतात, तबला थांबतो, आणि सुई आतल्या रिकाम्या रेघेत शिरण्याआधी एकट्या तंबोऱ्याची एक तार जराशी वाजत राहते. कुणीतरी तिच्यावर वेळेत बोट ठेवायचं विसरलं असावं. त्या विसराळू माणसावर मामांचा भारी जीव. "दिसभर गिऱ्हाईक वीतभर कापडासाठी घासाघीस करतंय, गजानं हाणावं वाटतंय. पर ही तार आली की डोस्कं निवतंय," ते म्हणत. मला आधी ती ऐकूच येत नसे. मी आपला मान हलवत असे. मग एका संध्याकाळी आली. अगदी बारीक, आणि विझायचं मनात नसल्यासारखी हळू हळू विझत गेली. त्या दिवसापासून मामांना वेडं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

अशा या घरात टीव्ही आला. कोल्हापुरात त्या सुमारास नुकताच दिसायला लागला होता आणि गच्चीगच्चीवर अँटेना उगवत होत्या. मामींनी संसारात कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी आता टीव्ही मागितला, आणि मामांनी हो-नाही करायच्या आत मामींच्या मुंबईच्या भावानं पाठवूनही दिला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढं फळ्यांची सरकती दारं असलेला. मागच्या खोलीत दुकानाचे गठ्ठे, मधल्या खोलीत पलंग, आणि अँटेनाची वायर उतरली ती नेमकी पुढच्या खोलीच्या खिडकीतून. मामा म्हणाले, "गठ्ठ्यांवर ठेवूया की." मामी म्हणाल्या, "आन मी कुठं बसू? माळ्यावर? इतकी वर्सं तुमच्या खोलीत पाय ठेवला न्हाई. कधी काय म्हटलं? आता चार माणसं माझ्याकडं येतील, बसतील, बोलतील. एवढंच मागती." आवाज जराही चढलेला नव्हता. शेवटी टीव्ही दोन खोक्यांच्या मधोमध, जरा मागं, भिंतीला पाठ लावून बसला.

दुसऱ्याच संध्याकाळी मला बोलावणं आलं. मामा दारातच उभे होते, घरात साप निघाल्यासारखे. "जावईबापू, काच बोलतीया." त्यांनी रेकॉर्ड लावली. "ऐका. बाई एकदा खोक्यातनं गात्यात आन एकदा काचंवरनं. जुळ्या भैणी बसल्यागत वाटतंय. आन तार आली की बगा, तारंला शेपूट फुटलंय." मला शेपूट काही ऐकू आलं नाही, पण माझी जाणकाराची जागा मला सोडवेना. मग त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि बंद टीव्हीकडं बोट केलं. "काचंत काय दिसतंय?" त्या फुगीर काळ्या काचेत दोन्ही खोकी दिसत होती, लहान, पोटं सुटलेली. मधे मी. "खोकं दिसतंय न्हवं? मग तितनंच ते ऐकूबी येतंय. उजेड आन आवाज सख्खं भाऊ हाईत. एक जितनं परततोय तितनं दुसराबी परततोय." हे ऐकून माझं कुतूहल मात्र खरंच जागं झालं. मी वाकून, डोकं हलवून, कुठून काय दिसतं ते बघायला लागलो. आणि काचेच्या एका कोपऱ्यात, अगदी मागं, दाराबाहेर चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या मामी दिसल्या. दार उघडंच होतं, तरी त्या आत आल्या नव्हत्या.

त्यानंतर काही महिने मामांनी त्या टीव्हीचे जे हाल केले ते कुणा दुष्मनाच्या टीव्हीचे होऊ नयेत. आधी त्यांनी फळ्यांची दारं लावून बघितली. काच बोलायची थांबली, पण फळ्या थरथरायला लागल्या. "आता सुतार बोलतोय," मामा म्हणाले. मग काचेवरून येणारा आवाज छताकडं जावा म्हणून टीव्हीच्या पुढच्या पायांखाली विटा घातल्या. बातम्या देणारी बाई आभाळाकडं बघून बातम्या द्यायला लागली. मामींच्या मैत्रिणी उभ्यानं बघायच्या. तालमीतला एक पैलवान गल्लीतच राहायचा, तोही यायचा. दोन दिवस मान वर करून बसल्यावर ती तशीच अडकली आणि वस्तादाकडं जाऊन उतरवून घ्यावी लागली. "मामा, कुस्तीत बी एवढी मान धरली न्हवती कुणी," तो म्हणाला. मग विटा काढल्या आणि टीव्ही भिंतीकडं तोंड करून तिरका लावला. त्यातून चित्र दिसायचं ते फक्त जिन्याला, म्हणून मामींनी तो ओढून सरळ केला. एकदा तर नुकत्याच बंद केलेल्या गरम टीव्हीवर मामांनी घोंगडं टाकलं आणि लोकर भाजल्याचा असा वास सुटला की खालचे भाडेकरू कुणाचं मेंढरू पेटलं म्हणून वर धावत आले.

घोंगडं नको तर कापडाचा पडदा, असं ठरवून मामा कबनूरला गेले आणि जाताना मलाही घेऊन गेले. तिथं यंत्रमाग चालवणारे त्यांचे एक जुने स्नेही होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. तीन पिढ्यांचं घर कापडात. मागांचा धडधडाट असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याचा कान धरून बोलावं लागे. मामांनी चाचांचा कान धरला आणि माग जरा बंद ठेवा म्हणाले. "का वो शेठ?" "कापड ऐकायचंय." चाचा त्यांच्याकडं बघत राहिले. "या अल्ला! लोकं कापड चिमटीत धरत्यात, उजेडात धरत्यात, सूत काढून जाळून बघत्यात. ऐकनारं गिऱ्हाईक पयलंच." पण माग थांबले. कामगार जमले. ऑफिसच्या खिडकीच्या काचेवर एकेक कापड लावायचं आणि मामांनी पुढं उभं राहून टाळी वाजवायची. पहिल्या काही टाळ्यांना चाचा हसले, मग ते खुर्ची सोडून उठले, मग स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. शेवटी दोघं म्हातारे एकमेकांशी भांडत होते. "ह्ये जास्त पितंय." "कुठलं वो शेठ, ह्ये बगा, ह्ये! टावेलाचं न्या. पानी पितंय ते आवाज बी पिईल." बाकीचे सगळे कामगार तोंडावर हात ठेवून उभे. परत येताना एसटीत मामा टॉवेलाच्या कापडाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला तरी ते त्या दिवशी फार सुखी दिसले.

टॉवेलाच्या पडद्यानं काचेचा टणत्कार गेला, पण तारेचं शेपूट अर्धंच तुटलं. अर्ध्या शेपटावर मामा राजी होणारे नव्हते. मामी पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेल्या, ती संधी साधून त्यांनी टीव्ही चारी बाजूंनी घोंगड्यात गुंडाळला आणि दाभण-सुतळी घेऊन, दुकानात गठ्ठा शिवतात तसा शिवून टाकला. वर कुणा गावच्या व्यापाऱ्याचा पत्ता लिहायचा तेवढा बाकी होता. त्या संध्याकाळी तार आली म्हणे, लख्ख. मामी दुसऱ्या दिवशी प्रसादाची पुडी घेऊन आल्या, त्यांनी तो गठ्ठा बघितला, आणि आतून विळी आणून एकेक टाका कापला. आमची ही तेव्हा तिथं होती. ती सांगते, मामी ओरडल्या नाहीत म्हणूनच भीती वाटली. टाके कापून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची तार तुमास्नी ऱ्हाऊ द्या. माझी माणसं बंद करत असलासा तर मी भावाकडं जाती. सांगा, पिशवी भरू का?" त्या आठवड्यात मामांनी रेकॉर्ड लावलीच नाही. दुकानातून येत, खुर्चीत बसत आणि नुसतेच त्या काचेकडं बघत. एका खोलीत मामांची तार आणि मामींची माणसं दोन्ही कशी राहणार, हा पेच आता आमच्या सगळ्या गोतावळ्याला पडला होता.

तो सुटला रविवारी. संध्याकाळी सिनेमा असे आणि खोली माणसांनी भरून जाई. मामींच्या मैत्रिणी, त्यांची पोरं, खालचे भाडेकरू, तो पैलवान, आणि सगळ्यांत पुढं दूध घालणारे तात्या. तात्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून ते अंगावरच्या घोंगड्यासकट टीव्हीला जवळजवळ चिकटून बसत. मामा त्या वेळी मधल्या खोलीत पलंगावर कानात बोटं घालून पडत. त्या रविवारी ऐन रंगात चित्र गेलं आणि व्यत्ययाबद्दल दिलगिरीची ती पाटी आली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाटी काही हलेना. पोरं कालवा करायला लागली. आणि कशी कोण जाणे, मामी उठून मधल्या खोलीच्या दाराशी गेल्या. "माणसं ताटकळल्यात. लावा की तुमचं काय ते."

मामा उठले. चेहरा अजून रुसलेलाच. टीव्हीचा आवाज पिळून बंद केला, रेकॉर्ड लावली, आणि पाहुण्यांच्या गर्दीत कशीबशी आपली खुर्ची गाठली. सुरुवातीला त्यांचं लक्ष नव्हतंच. मी शेजारीच उभा होतो. जरा वेळानं त्यांची मान तिरकी झाली. मग ते पुढं सरकले. बाई गात होत्या, एकट्याच, जुळी बहीण कुठं गेली कोण जाणे. ख्याल संपला, तबला थांबला आणि तार आली. घोंगड्याच्या गठ्ठ्यात आली नसेल अशी आली. त्याच क्षणी टीव्हीवर सिनेमा परतला, सगळी खोली हुश्श करून हलली, आणि मामा ताडकन उभे राहून ओरडले, "कुणी उठू नगा! हाय तसं बसा!" आणि टीव्हीच्या आडवे जाऊन उभे राहिले. तिकडं मागं खलनायक नायिकेला पळवून नेत होता आणि इकडं मामा एकेका माणसाकडं बोट दाखवत मोजणी करत होते. "अवो, सरका की मामा!" "हिरॉईन गेली!" पैलवान तर त्यांना अलगद उचलून बाजूला ठेवायच्या बेतात होता. मामी मधे पडल्या. "आली न्हवं तुमची तार? मग सोडा आता त्यास्नी." मामा म्हणाले, "अगं, ही माणसं आवाज खात्यात!" एवढ्या वर्षांत मामांनी मामींना आपल्या खोलीतली एखादी गोष्ट आनंदानं सांगितलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढचे रविवार म्हणजे त्या गल्लीचे वैभवाचे दिवस. करार असा झाला की आधी रेकॉर्डची एक बाजू, मग सिनेमा. पण माणसं बसवायचा अधिकार मामांकडं. कोण कसा आवाज खातो ते त्यांनी टाळ्या वाजवून ठरवलं, आणि कापडवाला माणूस, त्यामुळं अंगावरच्या कापडावरून बैठक लावायला सुरुवात केली. घोंगडंवाले तात्या काचेपुढं, टीव्हीकडं पाठ करून. नऊवारी लुगड्यांच्या म्हाताऱ्या दोन्ही अंगाला. पाचवारीच्या बायका त्यांच्या मागं. टेरिलिनचा शर्ट घालून आलेला माणूस थेट भिंतीला, कारण टेरिलिन म्हणजे मामांच्या लेखी काचेचाच चुलतभाऊ. पैलवानाचं डोकं बारीक कापलेलं आणि तेलानं चमकणारं. "पैलवान, तुमी कोपऱ्यात. डोस्कं लई वाजतंय तुमचं." "व्हय मामा, घरात बी तसंच म्हणत्यात," पैलवान म्हणाला आणि कोपऱ्यात गेला. पुढच्या रविवारी तो फेटा बांधून आला. मामांनी त्याला दोन रांगा पुढं घेतलं, तेव्हा त्याला एखादी गदा मिळाल्याचा आनंद झाला होता.

मामी दाराशी बसत, चहाला उठता यावं म्हणून. बांगड्या वाजत, पोरं खोकत, कुणाचं तरी तान्हं रडे. मामा वळूनसुद्धा बघत नसत. आणि गंमत म्हणजे त्या माणसांना हळूहळू गाणं ऐकायची सवय लागली. राग कुणाला कळत नव्हता, ख्याल कुणाला कळत नव्हता, पण शेवटी तार येते हे कळलं होतं, आणि ती या वेळी येते की नाही याची निकाली कुस्तीसारखी वाट बघितली जाई. तबला थांबला की सगळी खोली श्वास धरून बसे. तार येई. आणि ती पुरती विझायच्या आत तात्या आनंदानं ओरडत, "आली की वो, आली!" मग सगळेच ओरडत. तार त्या कालव्यात बुडून जाई. "आली म्हणायचं ते गेल्यावर म्हणा की लेकानू!" मामा कळवळून सांगत. दर रविवारी सांगत आणि दर रविवारी तेच होई. मला वाटतं, त्या ओरडण्याची त्यांना तारेइतकीच गोडी लागली होती, फक्त तसं कबूल करायची पंचाईत होती.

मग घरोघर टीव्ही आले. तेही स्वाभाविकच होतं. आधी खालच्या भाडेकरूंनी घेतला, मग मामींच्या एकेक मैत्रिणीनं. पैलवानाचं लग्न झालं, सासऱ्यानं दिला. तात्या बरेच दिवस सवयीनं येत राहिले, मग त्यांच्याही मुलानं गोठ्याशेजारच्या खोलीत सेट बसवला. मामांनी हे सहजासहजी घेतलं नाही. ज्या माणसानं टीव्ही शिवून टाकला होता तो आता रविवारी संध्याकाळी गल्लीत दारोदार फिरून "या की सिनेमाला" म्हणून बोलवायला लागला. माणसं लाजत. "मामा, आमच्यात बी तोच लागलाय की." एक दिवस मामांनी सगळ्यांना थक्क केलं. त्यांनी रंगीत टीव्ही आणला. आधीच्यापेक्षा कितीतरी मोठा, पुढं दारं-बिरं काही नाहीत, सगळी काचच काच. मी म्हटलं, "मामा, अहो, ही केवढी काच!" ते म्हणाले, "असू द्या. रंगीत म्हटल्यावर येतील माणसं." आली, काही रविवार आली. मामांनी पुन्हा हौसेनं बैठका लावल्या. मग रंगीतही घरोघर झाले.

त्यानंतर माझी बदली झाली आणि कोल्हापूरला येणं सणासुदीपुरतं उरलं. असाच एकदा रविवारी संध्याकाळी मामांकडं गेलो. जिन्यातच बाईंचा आवाज ऐकू आला म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि दाराशी थांबलो. मामा खुर्चीत. ते बरेच थकले होते. टीव्ही बंद होता, आणि त्या भल्या मोठ्या काचेपुढं, काचेकडं पाठ करून, अंगाभोवती जाडजूड शाल लपेटून मामी बसल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, कपाळावर घाम आलेला. मुळात लहानखुरी बाई, त्या काचेपुढं त्या कितीशा पुरणार! त्यांच्या दोन्ही अंगांनी काच उघडी पडली होती. ख्याल संपला, तबला थांबला. तार आली ती दुहेरी, जाडी, शेपटासकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते शेपूट माझं मला ऐकू आलं. मामींनी मान वर केली.

"आली का वो?"

आवाजाच्या बाबतीत मामा कधी खोटं बोलले नव्हते. "न्हाई," ते म्हणाले.

"मग उठू का? च्या ठेवती."

"नगं. बस तू. दुसरी बाजू लावतो."

"दुसऱ्या बाजूला कुठं हाय ती तार?"

"नसू दे," मामा म्हणाले, आणि त्यांनी रेकॉर्ड उलटी केली.